युद्धात रोज ५०० पानं वाढायची: सुदानमधली तकिया कशी चालवतात

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. मोठ्या परदेशी संस्थांनी काही दिवसांतच राजधानी खार्टूममधून आपली माणसं बाहेर काढली. मागे राहिलेल्यांना जगवलं ते मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या आपत्कालीन कक्षांनी, म्हणजे तिथल्याच स्वयंसेवकांच्या मदत गटांनी. हुकूमशहा बशीर यांना हटवणाऱ्या २०१८-१९च्या क्रांतीत पुढे आलेल्या प्रतिकार समित्यांमधून हे कक्ष उभे राहिले, आणि त्यांच्या मुळाशी ‘नफीर’ची जुनी रीत आहे. आपल्याकडे एकाच्या शेतात सारा गाव बैल घेऊन इर्जिकीला जातो, तशीच ती. या कक्षांचं सर्वांत मोठं काम म्हणजे तकिया: विस्थापितांना आणि गल्लीतल्या उपाशी घरांना रोज शिजवलेलं अन्न देणारं स्वयंपाकघर.

रोज किती जणांना जेवू घालायचं तो आकडा आधी ठरवा, आणि तो लहान ठेवा. एका दिवशी २००० जणांना जेवू घालून पुढचे चार दिवस चूल थंड राहिली, तर लोक त्या तकियेवर विसंबू शकत नाहीत. ५०० जणांना रोज ठरल्या वेळी जेवण मिळालं, तर तेवढी घरं उरलेला पैसा औषधाकडे वळवतात. माणसं वाढली की भांडी वाढवू नका, दोन गल्ल्या सोडून दुसरी तकिया सुरू करा. गर्दी एका जागी साठली की तिथे तोफगोळा पडण्याचा धोकाही वाढतो.

५०० जणांच्या एका जेवणाला तांदूळ ६० किलो, मसूर डाळ ३० किलो, तेल १० लिटर आणि मीठ अडीच किलो लागतं. माणशी साधारण ८०० कॅलरी होतात. दिवसाची गरज सरासरी २१०० कॅलरींची धरतात, म्हणजे हे अर्ध्याहून कमी आहे. म्हणूनच तेलात काटकसर करू नका. पैसे कमी पडले की पहिला हात तेलावर पडतो, पण कमी वजनात सर्वांत जास्त ऊर्जा तेलातूनच मिळते. ज्वारीचं पीठ स्वस्त असेल तर भाताऐवजी असीदा करा (आपल्या घट्ट उकडीसारखी असते). मात्र ती मोठ्या पातेल्यात घोटता येत नाही, तळाला लागते. ४०-५० लिटरची भांडी घ्या आणि प्रत्येकावर घोटायला दोन दणकट माणसं ठेवा.

डाळीला १०० लिटरची दोन पातेली लागतात. ती तीन-चतुर्थांशच भरा, नाहीतर उतू जाऊन चूल विझते. बाकला (घेवड्यासारखं कडधान्य) किंवा हरभरा शिजवायचा असेल तर रात्रभर भिजवा, त्याने सरपण बरंच वाचतं. गॅस मिळत नाही तिथे कोळसा आणि लाकूड हाच मोठा खर्च असतो. पातेल्याला तिन्ही बाजूंनी विटांचा आडोसा करून वर झाकण ठेवा.

पाण्यात चूक झाली तर तकियाच कॉलरा पसरवते. स्वयंपाकाला साधारण २५० लिटर आणि धुण्याला आणखी १५०-२०० लिटर पाणी धरा. गाढवगाडीवरून येणारं पाणी गढूळ असेल तर आधी स्थिर होऊ द्या, दुहेरी कापडातून गाळा, मगच क्लोरीन घाला. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू जिवंत राहतात. ६५-७० टक्के ताकदीची क्लोरीन पावडर असेल तर १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम घालून १ टक्क्याचं द्रावण करा. आपल्या ग्रामपंचायतीत वापरतात ती टीसीएल पावडर निम्म्या ताकदीची, ती ३० ग्रॅम लागते. म्हणून डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय माप ठरवू नका. २०० लिटरच्या पिंपाला या द्रावणाचे ४० मिलिलिटर घालून ढवळा, अर्धा तास थांबा आणि तपासा. उरलेलं क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवं. त्याहून कमी निघालं तर आणखी द्रावण घालून पुन्हा अर्धा तास थांबा. हात धुवायचं पिंप आणि साबण रांगेच्या तोंडाशीच ठेवा. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत वाटून संपवा.

आता जेवणाऱ्यांची यादी. नाव, मूळ गाव, जमात आणि फोन नंबर असलेली वही सशस्त्र माणसांच्या हाती पडली तर ती मारण्याची यादी होते. तकियेत काम करणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी ‘शत्रूचे हस्तक’ म्हणून धरलेलं आहे. तेव्हा घरटी एक टोकन द्या आणि त्यावर फक्त क्रमांक आणि माणसांची संख्या लिहा. देणगीदारांना फोटो हवे असतील तर पातेल्यांचे आणि पोत्यांचे पाठवा, चेहऱ्यांचे नकोत. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. बायकांची रांग वेगळी असू द्या, आणि ती बायकाच सांभाळतील असं पाहा. अंथरुणाला खिळलेल्यांकडे आणि बाहेर पडणं धोक्याचं असलेल्या घरी डबा पोहोचवायला दोघं नेमून द्या.

पैसा बहुतेक ‘बँकक’ या मोबाइल ॲपवरून येतो. तो रोखीत बदलायला दलाल मोठा वाटा कापतात, म्हणून ॲपवरच पैसे घेणारा घाऊक व्यापारी गाठा. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाच्या मोठ्या भागात फोन आणि इंटरनेट बंद पडलं, आणि ज्यांचं सगळं ॲपवर होतं त्यांच्या चुली विझल्या. दोन आठवड्यांचा शिधा उधारीवर देण्याचा करार व्यापाऱ्याशी आधीच करून ठेवा आणि धान्य दोन-तीन घरांत विभागा. एकाच देणगीदारावर उभी असलेली तकिया टिकत नाही: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली आणि शेकडो तकिया बंद पडल्या. खरेदी करणारा, पैसे ठेवणारा आणि हिशेब लिहिणारा ही तीन वेगळी माणसं असू द्या. दर आठवड्याला जमा-खर्च आणि किती पानं वाढली ते तकियेच्या दारावर लावा. चोरीच्या वावड्या बंद करायला याहून चांगला उपाय नाही.

दूध पावडरीची पोती फुकट आली तरी वाटू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्यांच्या जिवावर बेततं. त्याऐवजी अंगावर पाजणाऱ्या आईला जास्तीचं पान वाढा. रांगेत ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजपट्टीने मोजा. १२५ मिलिमीटरच्या खाली कुपोषण. ११५च्या खाली गेलं तर मूल धोक्यात आहे: त्याला भरपूर जेवू घालायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी उपचार केंद्रात पाठवा, आणि सोबत वाट माहीत असलेलं माणूस द्या.