मुलांसोबत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: दिवस कसे आखायचे

उत्तराखंडातल्या या राष्ट्रीय उद्यानात मुलांना न्यायचं तर तिकिटं काढण्याआधी दिवस मोजा. हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस, शिवाय सातवा मोकळा. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पाऊसही तेव्हाच. दरड कोसळली की रस्ता काही तास, कधी दिवसभर बंद. म्हणून मोकळा दिवस परतीच्या टोकाला ठेवा, नाहीतर रेल्वे चुकलीच.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला हरिद्वार सोडा. जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर, दहा तास सहज जातात. वळणांवर मुलांना मळमळतं. पोट तुडुंब नको, रिकामंही नको, आणि हातात मोबाईल तर नकोच. उलटीच्या गोळीचा डोस घरूनच डॉक्टरांना विचारून न्या.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने चार किलोमीटरवर पुलना, आणि पुढे घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत दहाएक किलोमीटरची चढण. मुलं सोबत असतील तर सात-आठ तास धरा. गोविंदघाटच १,८२८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. घांघरिया ३,०४९ मीटरवर. लहानग्यांसाठी कंडी मिळते. पाठीवरच्या टोपलीत मूल बसवून माणूस चढतो. खेचरं समोरून आली की डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही. ओझ्याचा धक्का लागतो आणि माणूस खाली जातो. हे मुलांकडून आदल्या रात्रीच वदवून घ्या.

तिसरा दिवस फुलांच्या दरीचा. सकाळी सातला फाटकावर हजर राहा. आत खेचरं सोडत नाहीत, दुकान नाही, मुक्कामाला परवानगी नाही. माणशी दीड लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू सोबत हवेत. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की खडी चढण लागते आणि मुलं तिथेच कंटाळतात. वीस मिनिटं चालणं, पाच मिनिटं बसणं, हा ठेका सोडू नका. दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरा.

चौथा दिवस विश्रांतीचा, किंवा पुन्हा दरीचा. घांघरियाहूनच हेमकुंड या शिखांच्या तीर्थाची वाट जाते, पण ते चार हजार मीटरच्या वर आहे. सहा किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त चढ, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत. डोकं दुखतंय हे लहान मुलाला सांगता येत नाही. ते चिडचिड करतं, जेवत नाही, उलटी करतं. असं दिसलं तर कारण उंची आहे असंच समजा, आणखी वर चढू नका. त्रास वाढला तर त्याच दिवशी खाली उतरा. पाचव्या दिवशी जोशीमठ, सहाव्या दिवशी हरिद्वार.

कपड्यांत जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्रीऐवजी गुडघ्यापर्यंतचा पॉन्चो घ्या, हात मोकळे राहतात. सॅकला वरून कव्हर असलं तरी आतले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, पाणी शिवणीतून शिरतं. मोज्यांचे माणशी चार जोड, आणि बूट घरी पंधरा दिवस वापरून मऊ केलेले. रात्री ओल्या बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला. सकाळी बूट दमट लागतील, पण पाय घालण्याजोगे झालेले असतील.