एफ.वाय.च्या अकाउंट्सची धास्ती घेतलेल्यांसाठी

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला (एफ.वाय.ला) प्रवेश घेतला की पहिली धास्ती अकाउंट्सची. सायन्सवरून आलेल्यांना वाटतं, गणित चांगलं आहे, निभावेल. गणित कच्चं असलेल्यांना वाटतं, आपलं काही खरं नाही. दोघांचाही अंदाज चुकतो. बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीच्या पुढचं गणित इथे फारसं लागत नाही. डोकं लागतं ते एखादी रक्कम कुठल्या खात्यात, कुठल्या बाजूला आणि कुठल्या वर्षात टाकायची हे ठरवायला.

अकरावी-बारावी कॉमर्सवाल्यांना डेबिट-क्रेडिटचे (खात्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे) नियम तोंडपाठ असतात. त्यामुळे सर ते एखाद्या तासात उरकून टाकतात आणि सायन्सवाले तिथेच गळतात. अशांनी सुट्टीत बालभारतीचं अकरावीचं पुस्तक सोडवून काढावं. ते संकेतस्थळावर फुकट मिळतं. नेहमी गोंधळ होतो तो बँकेचा. पैसे आले की बँकेचा मेसेज म्हणतो ‘क्रेडिटेड’, आणि वहीत मात्र आपण बँक खातं डेबिट करतो. कारण मेसेज बँकेच्या वहीतून येतो. तिच्या दृष्टीने तुम्ही धनको, तुमचे पैसे म्हणजे तिचं देणं.

खरा घाम फोडतात त्या फायनल अकाउंट्समधल्या (वर्षअखेरच्या हिशेबातल्या) अ‍ॅडजस्टमेंट्स, म्हणजे खाली दिलेल्या सूचनांप्रमाणे करायचे फेरफार. ट्रायल बॅलन्समध्ये (सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमांच्या यादीत) पगार १,१०,००० दिलाय आणि खाली सूचना आहे, ‘मार्चचा पगार १०,००० देणे बाकी’. वर्ष ३१ मार्चला संपतं. पैसे दिले नसले तरी काम याच वर्षी झालंय, म्हणून नफा-तोटा खात्यात १,२०,००० जातात आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला १०,०००. खाली दिलेल्या प्रत्येक सूचनेचे असे दोन परिणाम असतात. पण ‘देणे पगार’ ही ओळ ट्रायल बॅलन्सच्या आतच असेल, तर ती नोंद आधीच झालेली आहे. मग ती फक्त ताळेबंदात दाखवायची. पेपर काढणाऱ्यांचा हा आवडता सापळा, आणि घाईत हुशार पोरंही त्यात अडकतात.

शिल्लक मालाचंही तसंच. माल ८०,००० ला पडला, पण विकून ७२,०००च हाती येणार असतील, तर ७२,०००च दाखवायचे. ९०,००० येणार असतील तरी मात्र ८०,०००च. लेखा मानक २ (हिशेब ठेवण्याच्या अधिकृत नियमांपैकी एक) तसं सांगतं. तोटा दिसताक्षणी धरायचा, नफा हातात पडल्याशिवाय धरायचा नाही. हे एकदा पटलं की बुडीत कर्जाची (बुडू शकणाऱ्या उधारीची) तरतूद वेगळी पाठ करावी लागत नाही.

आता ‘टॅली’ होण्याबद्दल. ताळेबंद जुळला की वर्गात जल्लोष होतो, नाही जुळला की लोक अर्धा पेपर तिथेच घालवतात. तसं करू नका. प्रत्येक टप्प्याला गुण असतात, वर्किंग नोट्स (बाजूची आकडेमोड) नीट लिहिल्या असतील तर फरक तसाच ठेवून पुढचा प्रश्न घ्या. वेळ उरलाच, तर फरकाला ९ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट झालेत: ५,४०० चे ४,५०० लिहिले की फरक ९००. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोधा. ती चुकीच्या बाजूला बसली असण्याची शक्यता असते.

आणि जुळलं म्हणजे बरोबर आलं, असंही नाही. नवीन मशीनची किंमत दुरुस्ती खर्चात टाकली तरी ट्रायल बॅलन्स बिनबोभाट जुळतो, फक्त नफा खोटा येतो. नोकरीत हे जास्त जाणवतं. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर व्हाउचर (व्यवहाराची नोंद) घेतच नाही. खातं मात्र तुम्ही निवडाल ते घेतं. मी सध्या सीएच्या ऑफिसात काम करतो. तिथे निम्मा दिवस कुणीतरी चुकीच्या खात्यात टाकलेल्या रकमा योग्य जागी नेण्यातच जातो.

पुढचे धडे विद्यापीठागणिक बदलतात. कुठे कन्साइनमेंट (दुसऱ्याकडे विक्रीला पाठवलेला माल), कुठे भाडे-खरेदी (हप्त्यांनी घेतलेली वस्तू), कुठे आगीचा विमा दावा. शेवटचा मला सगळ्यात आवडला. गोदामात माल ५ लाखांचा, विमा ४ लाखांचाच, जळाला ३ लाखांचा. पॉलिसीत सरासरीचं कलम (मालाच्या जितक्या हिश्श्याचा विमा, नुकसानीचा तितकाच हिस्सा) असेल तर दावा २,४०,००० चा मिळतो. उरलेले साठ हजार दुकानदाराच्या खिशातून.