काळ्या मातीवरची वाट : कोल्हापुरातील घरच्या बागेसाठी

कोल्हापुरात घराच्या बागेतील वाट आषाढात पाहून ठरवावी आणि मार्गशीर्षात बांधावी. बहुतेक जण पावसाळ्यापूर्वी उरकायचे म्हणून हे काम मे महिन्यात काढतात. पंचगंगेच्या काठाकडील काळी माती त्या दिवसांत इतकी आकसलेली असते की तिच्या भेगेत बोट सहज जाते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि वर बसवलेली फरशी जागेवरून हलवते. आमच्या अंगणात मी नेमकी हीच चूक केली. गेटपासून तुळशीवृंदावनापर्यंत मातीवर नुसती वाळू पसरून गुळगुळीत शहाबादी फरशी टाकली. श्रावण लागेपर्यंत एका फरशीचा कोपरा अर्धा इंच वर आला होता आणि शेजारच्या दोन फरश्यांवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा धरला होता. पहाटे तुळशीला पाणी घालायला निघालेल्या आईचा पाय त्याच कोपऱ्याला अडखळला. तिला फारसे लागले नाही, पण त्या हिवाळ्यात मी ती सगळी वाट उखडून नव्याने घातली. पुढे सांगितलेली पद्धत त्या कामात पक्की झाली आहे.

जोराच्या पावसानंतर तासाभराने बागेत जाऊन पाणी कुठून येते, कुठे तुंबते आणि कुठून बाहेर जाते हे आधी पाहावे व तिथे खुंट्या ठोकाव्यात. त्यासोबत घरातील माणसे रोज कुठून चालतात याकडेही लक्ष द्यावे. दूधवाला, धुणे वाळत घालणारी गृहिणी आणि सायकल काढणारी मुले यांनी मळवलेली वाट बहुधा योग्य असते. नकाशावर सुंदर दिसणारे वळण झाड, हौद किंवा चढ यांसारख्या कारणाशिवाय घेतले, तर लोक ते टाळून सरळ हिरवळ तुडवत जातात. मुख्य वाट चार फूट रुंद असावी, म्हणजे दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकतात. वाफ्यांमधल्या वाटेला दोन-अडीच फूट पुरतात. आखणी सुतळीने व फक्कीने करून आठवडाभर त्या रेषेतून प्रत्यक्ष चालून पाहावे, कारण फक्की पुसणे सोपे असते आणि फरशी उखडणे खर्चाचे.

खरे काम फरशीच्या खाली असते, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते. पावसाळा संपून माती ना चिखल ना ढेकूळ अशी झाली की दहा इंच खोल चर खणावा. निघालेली काळी माती वाफ्यांत टाकावी. ती पुन्हा वाटेखाली भरू नये. चरात मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत भरावा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावे. चोपलेल्या मुरमावर टाच जोराने आपटली तरी खळगा पडता कामा नये. त्यावर दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरून फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवावेत. वाटेला आडवा उतार दर मीटरला दोन सेंटीमीटर, म्हणजे चार फुटांना साधारण एक इंच द्यावा, आणि तो घराच्या भिंतीपासून दूर जाणारा असावा. पाण्याच्या नळीने लेव्हल काढल्याशिवाय केवळ डोळ्यांच्या अंदाजावर हा उतार सोडू नये.

दगडाबाबत माझे मत स्पष्ट आहे. अंबाबाईचे मंदिर ज्या काळ्या दगडात उभे आहे, तो टाकीचे घाव घालून खरबरीत केलेला दगड मुख्य वाटेसाठी सर्वांत भरवशाचा. तो झिजत नाही आणि ओला असतानाही पाय धरतो. शहाबादी फरशी स्वस्त पडते, परंतु पॉलिश न केलेलीच घ्यावी. जांभा दिसायला देखणा असला तरी सच्छिद्र असल्यामुळे ओल धरतो, म्हणून तो ऊन लागणाऱ्या जागीच वापरावा. पेव्हर ब्लॉक घेतल्यास दोन्ही कडांना उभ्या विटा सिमेंटमध्ये घट्ट बसवाव्यात, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाजूला सरकतात आणि सांधे उघडे पडतात.

हिरवळीत सुटे दगड टाकायचे असतील, तर एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोन फूट अंतर सर्वसाधारणपणे ठेवतात. घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर ते दीड फुटावर आणावे. आंब्याच्या बुंध्यापासून वाट निदान चार फूट दूर न्यावी; वड, उंबर आणि रबराचे झाड यांच्या जवळून ती नेऊच नये.

पावसाळ्यात दर आठवड्याला ताठ खराट्याने शेवाळ घासून काढावे. त्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरल्यास ती पाण्याबरोबर वाफ्यांत उतरून रोपांना मारते. दिवाळीच्या आधी सांध्यांत बारीक कच पुन्हा भरावी आणि एखादी फरशी डुगडुगत असेल, तर तेवढीच उचलून तिच्याखालचा मुरूम नव्याने चोपावा.