मोबाइलचा खर्च आणि फसवे फोन: या चुका टाळा

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं गावाकडच्या आई-वडिलांचं रिचार्ज इथूनच करतात. ॲप उघडायचं, वर दिसेल तो प्लॅन निवडायचा, पैसे भरायचे. तिकडे आईच्या हातात बटणांचा फोन असतो. रोजचा दीड-दोन जीबी डेटा ती कशात वापरणार? तो रात्री बाराला वाया जातो आणि पैसे मात्र दर रिचार्जला कापले जातात. जादा खर्च असो की फसवणूक, फोनवरचं बरंचसं नुकसान असंच होतं: समोर आलं ते दाबलं.

नको असलेल्या डेटाचे पैसे भरणं

ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था. तिने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि फक्त कॉल व एसएमएस देणारे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा खास पॅकची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत नेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही डेटा नसलेले पॅक आणले. तेव्हा ८४ दिवसांचा पॅक साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांना होता. किमती बदलत राहतात, म्हणून आजचा भाव बघूनच घ्या.

हे पॅक ॲपवर पहिल्या नजरेस पडतीलच असं नाही. ‘लोकप्रिय’, ‘शिफारस’ या रांगा ओलांडून खाली जावं लागतं, नाहीतर ‘व्हॉइस’ असं शोधावं लागतं. तरीही सापडला नाही तर कंपनीच्या दुकानात जाऊन थेट ‘डेटा नसलेला पॅक द्या’ म्हणा. ज्यांचा फोन फक्त बोलण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी एवढी शोधाशोध नक्की करावी.

२८ दिवसांना महिना समजणं

२८ दिवसांचा प्लॅन घेणाऱ्याला वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. तक्रारी वाढल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक प्लॅन ठेवायला हवा. पण तोच स्वस्त पडेल असं धरून चालू नका. किमतीला दिवसांनी भागा आणि रोजचा खर्च काढा. २८, ३०, ५६, ८४ आणि ३६५ दिवसांच्या प्लॅनची तुलना करायला याहून सोपा हिशेब नाही. रिचार्ज दुसऱ्याच कुठल्या ॲपवरून करत असाल तर पैसे भरण्याआधी शेवटच्या पडद्यावरची एकूण रक्कम वाचा. काही ठिकाणी वर दोन-चार रुपये शुल्क लागतं, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ते टळू शकतं.

बँकेला दिलेला नंबर बंद पडू देणं

दुसरं सिम महिनोन्‌महिने रिचार्जविना पडून राहतं आणि नेमका तोच नंबर बँकेत किंवा आधारला जोडलेला असतो. प्रीपेड नंबरवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. मूळ खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते २० रुपये कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. ही शिल्लक म्हणजे टॉप-अपचे पैसे, पॅकचे नव्हेत. आणि नंबर तुमच्या नावावर राहिला तरी पॅक संपल्यावर ओटीपी येईलच, याचा भरवसा नाही. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, म्हणून तो सोडायचाच असेल तर आधी बँकेत नवा नंबर नोंदवा.

न मागितलेली सेवा चालू राहणं

कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचा स्कोअर अशा सेवांचे पैसे शिल्लकीतून गुपचूप जात असतील तर १५५२२३ या क्रमांकावर फोन करा किंवा ‘स्टॉप’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एसएमएस करा. तुमची दुहेरी, म्हणजे दोनदा विचारून, संमती घेतल्याशिवाय कंपनी अशी सेवा सुरू करू शकत नाही. पैसे कुठे गेले ते कळत नसेल तर प्रीपेड ग्राहकही वापराचा तपशील मागू शकतो. त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

फोनवर सांगितलेला कोड दाबणं

या चुकीबद्दल घरातल्या प्रत्येकाशी बोलाच. फोन येतो: ‘कुरिअरवाला बोलतोय, पत्ता सापडत नाही, एवढा कोड डायल करा, मी लगेच पोचतो.’ किंवा ‘कंपनीतून बोलतोय, तुमचं सिम आज बंद होणार आहे.’ मग सांगितलेला कोड *४०१* किंवा *२१* ने सुरू होतो आणि पुढे दहा आकडी नंबर असतो. तो नंबर त्या भामट्याचा. कोड दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. त्यानंतर तो तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर उघडतो, ओटीपी फोनकॉलने मागवतो आणि तो कॉल त्यालाच जातो. इकडे तुमचा फोन शांत असतो. पुढच्या तासाभरात तुमच्या नावाने नातेवाइकांकडे ‘अर्जंट पैसे पाठव’ असे निरोप जायला लागतात.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली होती. पण असे फोन येणं त्यानंतरही सुरूच आहे, त्यामुळे गाफील राहू नका. आपले कॉल वळवले आहेत का हे *#२१# डायल करून बघता येतं आणि ##००२# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल पूर्ववत होतात. आई-वडिलांच्या फोनवर हे आजच करून टाका.

‘ट्रायकडून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा’ हा फोनही खोटाच. ट्राय कुणालाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. ‘तुमच्या शेतात टॉवर उभारतो, आधी नोंदणी फी भरा’ असं सांगत गावोगाव फिरणाऱ्यांनाही थारा देऊ नका. टॉवरसाठी जागा घेणारी कंपनी जागामालकाला भाडं देते, त्याच्याकडून पैसे मागत नाही. अनोळखी परदेशी नंबरचा मिसकॉल आला तर उलट फोन करू नका, आयएसडीचे, म्हणजे परदेशी कॉलचे, पैसे जातात.

रेंज गेली तरी वाट बघत बसणं

शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमची अचानक गेली, तीही बराच वेळ आली नाही, तर तुमच्या नंबरचं दुसरं सिम किंवा ई-सिम कुणीतरी काढल्याची शक्यता धरून चला. सकाळपर्यंत थांबू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून व्यवहार थांबवा, मग कंपनीला फोन करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची आशा जास्त. पैसे गेलेले नाहीत, फक्त संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, तर तक्रार दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत करा. याच संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत हेही दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ म्हणून कळवता येतं.

तक्रार क्रमांक न घेणं

कॉल सेंटरला चार वेळा फोन करूनही लोकांच्या हाती काही लागत नाही, कारण तक्रार नोंदवलेलीच नसते, फक्त बोलणं झालेलं असतं. १९८ या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तो एसएमएसने यायला हवा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानेही समाधान झालं नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे जाताना तक्रार क्रमांकाचा तो एसएमएस, बिल किंवा रिचार्जची पावती आणि कापलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट सोबत न्या.