कन्फॉर्म करताना क्लिप ऑफलाइन? या चुका टाळा

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेचं (सिद्धेश्वर यात्रेचं) शूट आलं की आमच्याकडे एडिट प्रीमिअर या सॉफ्टवेअरवर होतं आणि कलर रिझॉल्व्हवर. एडिट रिझॉल्व्हमध्ये आणून प्रत्येक कटाला मूळ क्लिप जोडायची, याला कन्फॉर्म म्हणतात. एक्सएमएल, म्हणजे कटांची यादी असलेली फाइल, उघडल्यावर टाइमलाइनभर लाल ‘मीडिया ऑफलाइन’ (क्लिप सापडत नाही) दिसलं की हात आपोआप रीलिंककडे, म्हणजे क्लिप पुन्हा जोडण्याकडे जातो. अख्खी ड्राइव्ह दाखवायची, लाल गेलं की सुटलो. मीही तेच केलं होतं.

दोन सोनी कॅमेरे, दोन्ही कार्डं ताजी फॉरमॅट केलेली. त्यामुळे दोन्हीकडे फाइली सी०००१ पासून आणि टाइमकोडही (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची खूण) शून्यापासून. क्लिप शोधताना रिझॉल्व्ह नाव आणि टाइमकोड बघतं, आत कोणाचा चेहरा आहे ते नाही. लाल सगळं गेलं, पण यात्रेतला अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळच्या क्लोजअपच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याची मिरवणूक बसली. दोन्हीकडे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, दोन्हीकडे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या. घाईत डोळ्यांना खपून गेलं. ज्यांच्यासाठी फिल्म होती त्या घरचे काका बघता बघता म्हणाले, “आमची काठी कुठं हाय बे ह्यात?” सात नंदीध्वजांत आपला कोणता, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. लाल क्लिप निदान आपण हरवलोय हे सांगते. चुकीची जोडलेली गप्प बसते.

तेव्हापासून प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर आणि मीडिया पूलमध्ये (रिझॉल्व्हमधला क्लिपांचा साठा) त्याचा वेगळा बिन, म्हणजे कप्पा. क्लिप आधी आणायच्या, मग एक्सएमएल; आणि ते घेताना सोर्स क्लिप आपोआप आणण्याची खूण काढायची. एरवी सॉफ्टवेअर एडिटरच्या मशीनवरचा जुना पत्ता शोधत बसतं, आणि आपल्याकडे ‘ई’ ड्राइव्हची ‘एफ’ झालेली असते. रीलिंक करायचंच झालं तर एका वेळी एकच बिन, त्याच कार्डाच्या फोल्डरवर. एडिट सुरू झाल्यावर फाइलींची नावं बदलू नका, कितीही घाणेरडी दिसली तरी.

एडिटरकडून टाइमकोड छापलेली एमपी४ मागून घ्या. ती ऑफलाइन रेफरन्स (ताडून बघायची प्रत) म्हणून टाइमलाइनला जोडा आणि वाइप लावून, म्हणजे दोन्ही चित्रं एकाच पडद्यावर अर्धी-अर्धी ठेवून, कट-दर-कट बघा. कंटाळवाणं आहे, पण चुकीची क्लिप इथेच सापडते.

फ्रेम रेटही, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आधीच ठरवा. २५चं एडिट २४च्या प्रोजेक्टमध्ये घेतलं की कट सरकतात, आणि मीडिया पूलमध्ये क्लिप आल्यावर प्रोजेक्टचा रेट बदलता येत नाही. कोणी ईडीएल (कटांची जुन्या पद्धतीची यादी) पाठवली तर तिच्या जुन्या सीएमएक्स ३६०० साच्यात रीलचं, म्हणजे क्लिप ज्या टेप किंवा कार्डावरची त्याचं, नाव ८ अक्षरांचंच मावतं. लांब नावं तुटतात. मी एक्सएमएलच मागतो.

पत्ता बरोबर, आवाज येतोय आणि चित्र तेवढं लाल, असं असेल तर कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) तपासा. रिझॉल्व्हच्या विंडोजवरच्या फुकट आवृत्तीत कॅमेऱ्याच्या १०-बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीच्या) एमपी४ फाइली असा त्रास देतात. नाव आणि टाइमकोड तोच ठेवून त्या डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या कोडेकमध्ये बदला. एमपी४ची एमओव्ही होईल, म्हणून एक्सएमएल घेताना एक्स्टेन्शनकडे दुर्लक्ष करण्याची खूण लावा.

आता शूटच्या सकाळीच दोन्ही कॅमेऱ्यांचा टाइमकोड फ्री रनवर (रेकॉर्डिंग बंद असतानाही चालू राहणारा) टाकून घड्याळाशी जुळवतो. नावं सारखी निघाली तरी वेळ वेगळी असते.