पोलीस कॅमेऱ्याचे फुटेज न्यायालयात मागताना या चुका टाळा

पोलीस ठाण्यातील सीसीटीव्हीचे फुटेज किंवा झडतीच्या वेळी केलेले चित्रीकरण अनेक खटल्यांत हाती येत नाही. कायद्यात तरतूद असते, न्यायालयही ऐकून घ्यायला तयार असते, पण पहिल्या पंधरवड्यात द्यायचा एक साधा अर्ज राहून गेलेला असतो. ज्याला मारहाण झाली किंवा ज्याच्यावर खोटी जप्ती दाखवली गेली, त्याच्याकडे कित्येकदा या फुटेजखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून पुढील चुकांकडे फार गांभीर्याने पाहिले पाहिजे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘दोषारोपपत्र येऊ द्या, मग बघू’ असे म्हणणे. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची) हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे चढत जाते, आणि ते आपोआप घडते. परमवीरसिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील फुटेज १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष, साठवता आले पाहिजे असे बजावले. फुटेज किमान सहा महिने जतन केले जाते आणि मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्यास ते सुरक्षित ठेवून घेण्याचा पीडिताला अधिकार आहे, असा फलक ठाण्यात लावण्याचा आदेशही त्याच निकालात आहे. तरीही या मुदतीवर विसंबून राहू नये. ‘जतन करावे’ आणि ‘प्रत द्यावी’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रत मिळण्याला खटल्याच्या टप्प्याचे बंधन येऊ शकते, कारण बचावाची कागदपत्रे मागवण्याचा आरोपीचा हक्क साधारणपणे दोषारोप निश्चितीनंतर, म्हणजे न्यायालयाने आरोप ठरवल्यानंतर, सुरू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने देवेंद्रनाथ पाढी खटल्यात २००४ साली म्हटले आहे. जतनाची मागणी मात्र पहिल्या रिमांडच्याच वेळी दंडाधिकाऱ्यांपुढे करावी, तिची प्रत ठाणे प्रभारी आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त यांच्या आवक शाखेत द्यावी आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी.

अर्जातील मोघमपणा ही दुसरी चूक. ‘त्या दिवशीचे सर्व फुटेज मिळावे’ असे लिहिले की एखाद्याच कॅमेऱ्याची दहा मिनिटांची फाइल हाती येते आणि मागणी पूर्ण झाल्याची नोंद होते. त्याऐवजी ‘मुख्य प्रवेशद्वार, लॉकअपबाहेरील मार्गिका आणि ठाणे अंमलदाराची खोली येथील कॅमेऱ्यांचे, अमुक तारखेच्या रात्री ८ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंतचे, ध्वनीसह, अखंड चित्रीकरण, डीव्हीआरमधून काढलेल्या मूळ स्वरूपात’ असे लिहावे. सैनी निकालात या तिन्ही जागी कॅमेरे असणे आणि त्यांनी आवाजही टिपणे अपेक्षित आहे. घड्याळाचाही विचार करावा. पडद्याच्या कोपऱ्यात २१:४७ दिसते आणि ठाणे दैनंदिनीत आरोपीला आणल्याची वेळ २१:३० असते, तेव्हा पोलीस खोटे बोलत आहेत असा निष्कर्ष घाईने काढू नये. डीव्हीआरचे घड्याळच सतरा मिनिटे पुढे असू शकते. म्हणून फुटेज काढतेवेळी डीव्हीआरवरील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारीशेजारी पंचनाम्यात नोंदवावी, अशी विनंती अर्जातच करावी.

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सीसीटीव्हीहून वेगळे असते, आणि ते मागायची जागाही वेगळी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ नुसार, जप्त वस्तूंची यादी करून तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या घेण्यापर्यंत, या कारवाईचे दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. त्यामुळे केवळ तपासी अंमलदाराकडे हेलपाटे न घालता ते न्यायालयात पोहोचले का आणि कोणत्या तारखेला पोहोचले, हे अभिलेखावरून पाहावे. ते उशिरा पोहोचले असेल तर तोही उलटतपासणीचा मुद्दा होतो.

दोषारोपपत्राच्या नकला घेताना होणारी चूक मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती टाळायला केवळ दहा मिनिटे लागतात. पाकिटात पेन ड्राइव्ह असतो, कारकून पुरसीस (नकला मिळाल्याचे लेखी निवेदन) पुढे करतो, आणि ‘सर्व नकला मिळाल्या’ यावर सही होते. घरी गेल्यावर कळते की ड्राइव्ह रिकामा आहे, किंवा फाइल आहे पण ती उघडणारा कॅमेरा कंपनीचा प्लेअर सोबत नाही. आरोपीला आणि वकील नेमलेल्या पीडिताला हजेरीपासून किंवा हजर केल्यापासून १४ दिवसांच्या आत नकला देण्याचे बंधन याच संहितेच्या कलम २३० मध्ये आहे, पण सही झाल्यावर ‘मिळालेच नाही’ हे पटवून देणे अवघड होते. तेव्हा ड्राइव्ह तिथेच लॅपटॉपला लावून पाहावा, उघडत नसेल तर पुरसिशीवर तसे लिहावे आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद घेण्याची विनंती करावी. पुढे कलम ३३० नुसार नकला मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत कागदपत्रांचा खरेपणा मान्य की अमान्य हे सांगायचे असते. न पाहिलेल्या फुटेजला ‘मान्य’ म्हणणे अत्यंत घातक आहे. पोलिसांनी जप्त केले पण ज्यावर ते विसंबले नाहीत अशा वस्तू आणि कागदपत्रांची यादीही आवर्जून मागावी. ती आरोपीला मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

फुटेज मिळाले, तरी प्रमाणपत्राशिवाय त्याची प्रत पुराव्यात वाचली जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये जराही बदल झाला तरी बदलणारी अक्षर-अंकांची ओळखखूण) त्यात लिहावे लागते. या बाबतीत जालन्याचे उदाहरण प्रत्येक वकिलाने ध्यानात ठेवावे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून दाखवायचे होते. कॅमेरे पोलिसांचे नव्हते, पण अडचण हीच होती. वारंवार लेखी मागणी करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले, मात्र मागणाऱ्याने शक्य ते सर्व केले होते म्हणून त्याला त्या अटीतून मोकळीक दिली. ती मोकळीक लेखी मागण्यांच्या जोरावर मिळाली. संबंधित व्यक्ती प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे आदेश मागावा, असेही तिथे सांगितले आहे.

मिळालेली मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नये. तिचा आकार कमी केला जातो आणि हॅश बदलतो. आधी प्रत करावी, हॅश काढून प्रमाणपत्रातील अक्षरांशी ताडून पाहावा आणि काम प्रतीवरच करावे. लैंगिक गुन्ह्यातील चित्रीकरण असेल तर प्रतीचा हट्ट धरू नये. पीडितेच्या खासगीपणासाठी आरोपीला केवळ पाहणीची मुभा देता येते, असे २०१९ च्या गोपालकृष्णन खटल्यात ठरले आहे, आणि ते योग्यच आहे.

शेवटी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर. ते ऐकून अनेक जण थांबतात, आणि तिथेच चुकतात. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारींवर आहे. बिघाड झाला तर जिल्हास्तरीय देखरेख समितीला कळवणे आणि त्या काळात ठाण्यात झालेल्या अटका व चौकशांची माहिती तिच्याकडे पाठवणे, हेही २०२० च्या सैनी निकालाने त्यांच्यावरच सोपवले आहे. ते पत्र कधी गेले, दुरुस्तीची तक्रार कोणत्या तारखेची आहे आणि आपल्या अशिलाचे नाव त्या माहितीत आहे का, हे लेखी विचारावे. पत्रच नसेल तर २०१५ च्या तोमासो ब्रुनो निकालाचा आधार घेऊन, फुटेज न आणणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान (ते आणले असते तर त्याच्याच विरोधात गेले असते असा निष्कर्ष) काढण्याची मागणी युक्तिवादात करावी.