आऊटलँडला निघण्याआधी रोगने काय काय उरकायचं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिकमध्ये (म्हणजे मूळ, साठ लेव्हलच्या खेळात) रोग, म्हणजे लपून वार करणारा क्लास, खेळायला फार डोकं लागत नव्हतं. (क्लासचं नाव देवनागरीत लिहिलं की आजार वाटतो, त्याला इलाज नाही.) बॉसच्या पाठीमागे उभं राहायचं, सिनिस्टर स्ट्राइक हा नेहमीचा वार मारत राहायचं, वारांचा वेग वाढवणारं स्लाइस अँड डाइस संपू द्यायचं नाही. वर्ल्ड बफ (शहरात वगैरे मिळणारी तात्पुरती ताकद) टिकले असतील तर डॅमेज मीटरवर नाव वरच असायचं. बर्निंग क्रूसेड या पुढच्या एक्स्पान्शनमध्ये (आऊटलँड हे त्यातलं नवं जग, लेव्हल सत्तरपर्यंत) बटणं जवळपास तीच राहतात, पण त्यांच्याखालचं गणित बदलतं आणि रेडमधली, म्हणजे मोठ्या गटाने बॉस मारायच्या मोहिमेतली, आपली जागाही आकसते. म्हणून तयारीची सुरुवात गोल्ड किंवा पोशन साठवण्यापासून करू नका. आधी गिल्डमध्ये बोलून घ्या.

चाळीस जणांच्या रेडमध्ये सहा-सात रोग सहज खपून जायचे. आता काराझान दहा जणांची, ग्रूल आणि मॅगथेरिडॉन पंचवीस जणांचे. माझ्या मते पंचवीसात दोन रोग पुरतात, तिसरा आला तर मैत्रीखातर. त्यातही शमन क्लासचे टोटेम (जमिनीत रोवायचे, जवळच्यांना ताकद देणारे खांब) फक्त आपापल्या पाच जणांच्या पार्टीपुरते चालतात. म्हणजे प्रश्न नुसता रेडमध्ये घेतील का, एवढाच नाही. विंडफ्युरी (जादा वार देणारं टोटेम) टाकणारा शमन, बॅटल शाउट देणारा वॉरियर आणि ५ टक्के क्रिट (जोरदार वाराची शक्यता) देणारा फेरल ड्रुइड ज्या पार्टीत आहेत, तिथली पाचवी खुर्ची तुमची आहे का, ते विचारा. नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. रेड लीडरकडे मांडायला एक मुद्दा हाताशी ठेवा: टॅलेंटसह पाच कॉम्बो पॉइंटचा एक्स्पोज आर्मर (वारांनी जमवलेले पॉइंट खर्चून मारायचा फिनिशर) बॉसचं ३०७५ आर्मर उतरवतो, वॉरियरचे पाच संडर मिळून २६००. त्यात आपले फिनिशर खर्ची पडतात आणि मीटरवर आपण घसरतो, पण बाकीच्या फिजिकल डॅमेजवाल्यांचं भलं होतं. हे काम मागून घेणारा रोग सहसा बाकावर बसत नाही.

विंडफ्युरीवरून आठवलं. खेळातल्या दोन बाजूंपैकी अलायन्सला शमन या एक्स्पान्शनमध्ये पहिल्यांदाच मिळतो, आणि अलायन्सच्या रोगांची जुनी सवय इथे अडवते. मागच्या खेपेला काराझानच्या पहिल्या रात्री मी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांना विष फासून उभा. अटुमेन पडला, मोरोस पडला, आणि शमनने शांतपणे विचारलं, "तुझ्या मेन हँडवर काय आहे?" इन्स्टंट पॉयझन होतं. मेन हँडवर (मुख्य हातातल्या शस्त्रावर) विष किंवा धार लावायचा दगड असेल तर विंडफ्युरी त्या शस्त्रावर बसतच नाही. दोन बॉस मी त्याच्या टोटेमशेजारी नुसता उभा होतो. तेव्हा मेन हँडला विष लावणारं बटण ॲक्शन बारवरून आजच उचला. सोलो फिरताना लागेल तेव्हा बॅगेतून लावता येतं.

आता आकडे. प्री-पॅच (एक्स्पान्शनआधीचं अपडेट) आला की वस्तूंवरची टक्केवारी जाऊन रेटिंग येतं. आज ज्या अंगठीवर १ टक्का हिट (वार न चुकण्याची शक्यता) आहे, तिच्यावर १० हिट रेटिंग दिसेल. साठाव्या लेव्हलला फरक काहीच नाही. पण सत्तरीला एका टक्क्याला १५.७७ रेटिंग लागतं, म्हणजे तीच अंगठी ०.६३ टक्के देईल. क्रिटचंही तेच, साठीला १४ आणि सत्तरीला २२.०८. लेव्हल वाढतेय आणि क्रिट गळतंय असं दिसलं तर घाबरू नका, गिअर बिघडलेलं नाही. बॉसवर स्पेशल हल्ले ९ टक्के चुकतात, दोन शस्त्रं घेतल्यावर साधे वार २८ टक्के. प्रिसिजन या टॅलेंटचे पाच पॉइंट त्यातले ५ टक्के भरून काढतात. उरलेल्यासाठी स्पेशलना ६४ रेटिंग पुरतं, साध्या वारांना ३६३. पहिला आकडा चटकन गाठा. दुसरा लांबचा आहे, पण रोगला हिटची किंमत तिथपर्यंत राहते, कारण आपला बराचसा डॅमेज साध्या वारांतूनच येतो.

क्लासिकमध्ये वेपन स्किलच्या वस्तूंमागे धावला असाल, तर तो नाद आता सोडा. आता एक्सपर्टीज आहे: एका पॉइंटमागे बॉसचा डॉज (वार चुकवणं) पाव टक्क्याने कमी, बॉसचा डॉज ६.५ टक्के, म्हणजे २६ पॉइंट. त्यातले १० कॉम्बॅटच्या टॅलेंटमधून मिळतात आणि तलवार किंवा मेस धरलेल्या ह्यूमनला आणखी ५.

शस्त्रांची निवड मात्र शांत डोक्याने करा. मेन हँड संथ, २.६ किंवा त्याहून जास्त. ऑफ हँड जितकं वेगवान तितकं चांगलं. कॉम्बॅट पोटेन्सी टॅलेंट पूर्ण भरलं की ऑफ हँडच्या दर यशस्वी वारावर २० टक्के शक्यतेने १५ एनर्जी (स्पेशल हल्ल्यांचं इंधन) मिळते, त्यामुळे जास्त वार म्हणजे सरळ जास्त एनर्जी. त्यात सत्तरीला शिव हे नवं बटण मिळतं. ते ऑफ हँडचं विष हमखास लावतं आणि त्याची एनर्जी शस्त्राच्या वेगावर ठरते, २० अधिक वेगाच्या दहापट. १.५ च्या शस्त्राला ३५, २.६ च्याला ४६. डेडली पॉयझन १२ सेकंद टिकतं. ते गळायच्या बेतात असताना एक स्वस्त शिव मारून पाचही थर वाचवणं हीच या एक्स्पान्शनमधली नवी कसरत. केल्थुझाड या जुन्या बॉसकडून ग्रेसिल ही तलवार मिळाली असेल तर मेन हँडची काळजी बरेच दिवस नाही. बाकीच्यांनी हेलफायरमधल्या (आऊटलँडच्या पहिल्या भागातल्या) हिरव्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, वस्तूंना नाक मुरडू नये.

प्री-पॅचमध्ये साठीलाच टॅलेंटचं ५१ पॉइंटचं नवं झाड हाती येतं, म्हणजे ४१व्या पॉइंटचं सरप्राइज अटॅक्स तेव्हाच घेता येतं. फिनिशर डॉज होत नाहीत, सिनिस्टर स्ट्राइक १० टक्के जास्त लागतो. जुन्या रेडमध्ये जाऊन हात बसवा. पुढे ६२ला एन्व्हेनम, ६४ला डेडली थ्रो, ६६ला अंगावरची जादू झटकणारं क्लोक ऑफ शॅडोज. डेडली थ्रोला फेकायचं शस्त्र लागतं, धनुष्य लटकवून चालत नाही. एक साधं तरी घेऊन ठेवा. क्लोकसाठी बटणाची जागा आधीच मोकळी करा, व्हॅनिशच्या शेजारची. आणि व्हॅनिशला अजूनही फ्लॅश पावडर लागते, हे रेडमध्ये उभं असताना आठवून उपयोग नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट लॉकपिकिंग. लेव्हलच्या पाचपट ही मर्यादा, म्हणजे आज ३०० आणि सत्तरीला ३५०. हा ३५० उगाच नाही: शॅडो लॅबिरिंथ, शॅटर्ड हॉल्स आणि आर्कट्राझ या डंजनची दारं किल्लीने उघडतात, नाहीतर ३५० लॉकपिकिंगवाल्या रोगने. पहिल्या आठवड्यांत किल्ल्या फार थोड्यांकडे असतात, तेव्हा पार्टीत रोगला आपणहून बोलावलं जातं. डॅमेजचा विचारही कोणी करत नाही. पण तेव्हा स्किल १८० वर अडकलेलं असेल तर वरातीमागून घोडं. आत्ता ३०० करून ठेवा. रेडरिजमधल्या ॲल्थर्स मिलच्या पेट्या नवख्यांसाठी आहेत. वरच्या टप्प्यासाठी ब्लॅकरॉक डेप्थ्सची दारं आणि खिसे कापून मिळालेल्या पेट्या. कंटाळवाणं काम आहे, काहीतरी ऐकत ऐकत करा. विषं बनवायचं स्किलही तसंच पूर्ण करून घ्या, ती अजून हातानेच घोटावी लागतात.

क्वेस्ट लॉगमध्ये आता २५ जागा. पूर्ण केलेल्या क्वेस्ट साठवून पहिल्या दिवशी एकदम जमा करायची टूम आहे. शर्यतीत असाल तर करा, नाहीतर तेवढ्या संध्याकाळी लॉकपिकिंगला द्या. गोल्ड मात्र जपून वापरा, एपिक फ्लाइंग शिकायचे ५००० लागतात आणि साठीचे फ्लास्क आता पैसे ओतण्यासारखे नाहीत. वर्ल्ड बफ मिळवायला शहरात ताटकळणंही बंद करा, आऊटलँडच्या रेडमध्ये ते नाहीत.

पोर्टल उघडेल त्या रात्री हेलफायरमध्ये एका डुकरामागे दहा जण असतील. आपल्याकडे स्टेल्थ (न दिसता फिरणं) आहे. वस्तू उचलून आणायच्या क्वेस्ट आधी घ्या, मारायच्या नंतर, आणि गर्दी फारच असेल तर चार ओळखीचे धरून सरळ रॅम्पार्ट्स या डंजनमध्ये शिरा. त्या पाचात एक शमन असेल तर उत्तम. मेन हँड कोरडं ठेवायचा सराव तिथूनच सुरू होईल.